नेपाळच्या गावशाळेत दहा दिवस: मुलांना घेऊन मदतीला जाताना

परदेशात जाऊन गरीब मुलांसाठी काहीतरी करायचं असं घरात ठरलं की बहुतेक जण आधी अनाथाश्रम शोधायला लागतात. नेपाळला जाणार असाल तर तो शोध तिथेच थांबवा. नेपाळ आपल्याला सगळ्यात सोपा परदेश आहे. व्हिसा नाही, लिपी आपलीच, घड्याळ फक्त पंधरा मिनिटं पुढे. पण चुकीच्या दारात जाणंही तिथे तितकंच सोपं आहे.

बालगृहात का जायचं नाही

नेपाळमध्ये अनाथाश्रमाला ‘बालगृह’ म्हणतात. तिथल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील, निदान दोघांपैकी एक, हयात असतात. दलाल हुमला, डोल्पासारख्या दूरच्या जिल्ह्यांत जातात, ‘तुमच्या मुलाला शहरात चांगलं शिक्षण देऊ’ म्हणून पैसे घेतात आणि मुलाला काठमांडूला आणून अनाथ म्हणून दाखवतात. गरिबी दूरच्या डोंगरात आणि बालगृहं मात्र काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, कास्की म्हणजे पोखऱ्याचा भाग आणि चितवन इथे गोळा झालेली. पर्यटक जातात तेच हे जिल्हे. यावरून काय ते समजावं. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर पालकांशिवाय मुलं जिल्ह्याबाहेर नेण्यावर सरकारला तात्पुरती बंदी घालावी लागली होती. नेपाळच्या २०१८ च्या बालकविषयक कायद्यातही संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय मानला आहे.

म्हणजे पाहुणे येतात म्हणून मुलं गोळा केली जातात. आश्रम खरा असला तरी दुसरं नुकसान उरतंच. दर पंधरवड्याला नवे काका-मावशी येतात, लळा लावतात, जातात. आधीच घर सुटलेल्या मुलाला हा विरह वर्षातून वीस वेळा सोसावा लागतो.

कुठल्याही संस्थेशी बोलताना यातलं काही दिसलं तर पुढे जाऊ नका: भेटीसाठी शुल्क मागतात पण तुमची ओळखपत्रंही बघत नाहीत, मुलांना नाच-गाणी करायला उभं करतात, ‘संध्याकाळी फिरायला घेऊन जा’ म्हणतात, मुलांच्या घरच्यांबद्दल विचारलं की विषय बदलतात, कधीही या, कितीही राहा, काहीही करा, सगळं चालतं. चांगल्या संस्थेला तुमचा त्रास वाटतो, आणि ती तसं बोलून दाखवते.

मग कुठे जायचं

गावातल्या सामुदायिक विद्यालयात. आपल्याकडची जिल्हा परिषदेची शाळा असते तशीच. खाजगी इंग्रजी शाळेला तिथे ‘बोर्डिङ’ म्हणतात, मग तिथे वसतिगृह असो वा नसो. तिकडे तुमची गरज नाही. सामुदायिक शाळेतली मुलं आपल्या घरी राहतात, संध्याकाळी आईकडे जातात, आणि तुम्ही गेल्यावर त्यांच्या आयुष्यात खड्डा पडत नाही. पहिली ते आठवीला ‘आधारभूत’ आणि नववी ते बारावीला ‘माध्यमिक’ म्हणतात. आधारभूत शाळा निवडा. छोट्या सामानाचा उपयोग तिथे जास्त होतो.

२०१५ च्या राज्यघटनेनंतर शाळांचा कारभार स्थानिक पालिकांकडे गेला आहे. देशात अशा ७५३ पालिका आहेत आणि प्रत्येकीत ‘शिक्षा शाखा’ असते. परवानगीची साखळी अशी: मुख्याध्यापक, म्हणजे तिथले ‘प्रधानाध्यापक’, मग विद्यालय व्यवस्थापन समिती, मग पालिकेची शिक्षा शाखा. तिघांना कळवलेलं असावं आणि निदान प्रधानाध्यापकांचं लेखी पत्र तुमच्या हातात असावं. नुसत्या फोनवर ‘या ना, या’ म्हटलं म्हणून विमानाची तिकिटं काढू नका. नेपाळी माणूस पाहुण्याला तोंडावर ‘नको’ म्हणत नाही.

शाळा शोधायची सोपी वाट म्हणजे मुक्कामाचं गाव आधी ठरवणं. काठमांडूपासून साधारण ३२ किलोमीटरवर काभ्रे जिल्ह्यात पनौती आहे. तिथल्या बायकांनी चालवलेले सामुदायिक होमस्टे आहेत. घरमालकीण ज्या शाळेत आपली मुलं पाठवते ती शाळा तिला आतून-बाहेरून माहीत असते. लमजुङमधलं घलेगाउँ, स्याङ्जामधलं सिरुबारी हीसुद्धा होमस्टेची जुनी गावं. नोंदणीकृत संस्थेमार्फत जाणार असाल तर ती नेपाळच्या समाज कल्याण परिषदेशी संलग्न आहे का ते विचारा आणि बालसंरक्षणाचं धोरण लेखी मागा. ते एका पानाचं असलं तरी चालेल, पण असलं पाहिजे.

पहिल्या पत्रात ‘आम्ही काय करू शकतो’ असं विचारू नका. त्याला ‘काहीही चालेल’ हेच उत्तर येतं. त्याऐवजी नेमकं विचारा: पहिली ते तिसरीत मुलं किती? वर्गांत खडूने लिहायचे फळे किती आणि कोणत्या अवस्थेत? गोष्टींची पुस्तकं आहेत का, असली तर कुठे ठेवता? हात धुवायला पाणी कुठून येतं? गेल्या वर्षी समितीने काय दुरुस्त करायचं ठरवलं होतं आणि पैशावाचून राहिलं? या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरातच तुमचं काम असतं.

सरकार काय देतं तेही माहीत असू द्या. सामुदायिक शाळांत पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात, लहान वर्गांना ‘दिवा खाजा’ म्हणजे दुपारचं खाणं असतं, मुलींना सॅनिटरी पॅड देण्याची योजना आहे. यातलंच एखादं सामान बॅगा भरून नेलंत तर ते कपाटात पडून राहील.

तारखा: दिवाळीची सुट्टी बहुधा चुकते

आपल्याला दिवाळीची सुट्टी सोयीची वाटते, पण आपलं नवरात्र-दसरा म्हणजे त्यांचा दसैं आणि आपली दिवाळी म्हणजे त्यांचा तिहार. तिहारात, पाठोपाठ छठला, शाळा बंद. दिवाळीतच जायचं असेल तर भाऊबीजेनंतर चार-पाच दिवस सोडून पोचा आणि शाळा नक्की कधी उघडते ते पत्रातून पक्कं करा.

खरा योग मे महिन्याचा. नेपाळचं शैक्षणिक वर्ष वैशाखात, एप्रिलच्या मध्याला सुरू होतं. पहिले दोन आठवडे प्रवेशाच्या धावपळीत जातात. मेच्या पहिल्या आठवड्यापासून शाळा रुळावर येते, आपल्याकडे सुट्टी असते आणि मोठा पाऊस अजून महिनाभर लांब असतो. दुपारनंतर वळवाची सर येते, म्हणून रंगकाम सकाळी उरका. जून ते सप्टेंबर डोंगरातले रस्ते दरडींनी अडतात; तेव्हा नको. शनिवारी शाळा बंद असते, हे आराखडा करताना हमखास विसरलं जातं.

दहा दिवसांतले कामाचे दिवस पाचच धरा. जाणं-येणं दोन, शाळेत ओळख आणि सामानखरेदी एक, शनिवार एक, आणि एक दिवस राखीव. राखीव दिवस लागतोच: बंद, पाऊस, गावातलं मयत, कोणाचं तरी पोट. पाचव्या दिवशी नवीन काम काढायचं नाही. त्या दिवशी फक्त राहिलेलं संपवायचं आणि शाळेच्या ताब्यात द्यायचं.

कागदपत्रं आणि पैसे

भारतीय नागरिकाला पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र लागतं. १५ वर्षांखालच्या आणि ६५ वर्षांवरच्यांना आधार चालतं. मधल्या वयाला नुसतं आधार चालत नाही, आणि विमानतळावर माणसं अडकतात ती इथेच. १५ ते १८ वयाच्या मुलांना शाळेच्या मुख्याध्यापकांचं विहित नमुन्यातलं ओळखपत्र लागतं. एकत्र कुटुंबाला नियमात थोडी सूट आहे, पण काउंटरवर त्यावर वाद घालण्यापेक्षा सगळ्यांचे पासपोर्ट काढलेले बरे. आई किंवा वडील एकटेच मुलांना नेत असतील तर दुसऱ्याचं संमतीपत्र जवळ ठेवा.

अमेरिकेतून किंवा इंग्लंडहून येणारे काका-आत्या तिथल्या पासपोर्टवर असतील तर त्यांना व्हिसा लागतो, आणि पर्यटक व्हिसावर नेपाळमध्ये काम करता येत नाही, बिनपगारीसुद्धा. त्यांनी सामानाचा खर्च उचलावा, गावात राहावं, गप्पा माराव्यात; ब्रश हातात घ्यायचा असेल तर योग्य परवाना कसा काढायचा ते निमंत्रण देणाऱ्या संस्थेला आधी विचारावं.

मोठ्या माणसांनी पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र काढून न्यावं. महाराष्ट्रात त्याचा अर्ज ऑनलाइन होतो. शाळेने मागितलं नाही तरी पहिल्या दिवशी ते स्वतःहून पुढे करा. पुढच्या पाहुण्याकडे ते मागायची सवय शाळेला लागते.

चलनाचा दर ठरलेला आहे: १०० भारतीय रुपयांना १६० नेपाळी. शंभराच्या आणि त्याखालच्या भारतीय नोटा न्या. मोठ्या नोटांचे नियम बदलत आले आहेत. डिसेंबर २०१८ मध्ये शंभरावरच्या नोटांवर बंदीच आली होती. २०२४ पासून बऱ्याच दुकानांत यूपीआयने पैसे देता येतात. कोडवर ‘फोनपे’ लिहिलेलं असतं ते नेपाळचं वेगळं जाळं आहे, आपल्याकडचं ॲप नव्हे. दोघांच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये फरक आहे. गावात मात्र रोखच.

परदेशी शाळेला किंवा संस्थेला दिलेल्या देणगीवर आयकराच्या ८०जी कलमाची सवलत मिळत नाही. शाळेला रोख रक्कम देऊ नका. सामान घ्या, शाळेच्या नावाचं बिल घ्या, एक प्रत समितीकडे आणि एक तुमच्याकडे. हिशेब करताना एक साधा ताळा ठेवा: चौघांच्या प्रवासावर जेवढा खर्च होतो त्याच्या निदान निम्मा शाळेच्या सामानावर आणि स्थानिक कारागिरांच्या मजुरीवर जावा. तेवढं जमत नसेल तर यंदा पैसे जमवा आणि पुढच्या वर्षी जा.

काम कोणतं घ्यावं

इंग्रजी शिकवायचं नाही, हे आधी. पाच दिवसांत ‘ए फॉर ॲपल’ सातव्यांदा होतं आणि शिक्षकाचा अभ्यासक्रम पाच दिवस मागे पडतो. घ्यायचं ते असं काम, जे शिक्षकांच्या हाती राहील. तीन कामं कुटुंबाला झेपतात. तिन्ही एका खेपेला करायची नाहीत, एक किंवा फार तर दोन. आणि प्रत्येकात गावातला एक कारागीर रोजावर घ्या. तुम्ही त्याच्या हाताखाली. पाहुण्यांनी गवंड्याचा रोज बुडवून स्वतः वाकडंतिकडं काम करावं यात मदत कसली?

*फळा.* सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी. नेपाळीत ‘कालोपाटी’, आपल्या मुलांना शब्द लगेच कळतो. सिमेंटच्या गिलाव्यावर ८ फूट बाय ४ फुटांचा फळा म्हणजे साधारण ३ चौरस मीटर. खिडक्या ज्या भिंतीत आहेत तिच्या समोरची भिंत घेऊ नका, उजेड फळ्यावर चमकतो आणि एका बाजूच्या मुलांना काहीच दिसत नाही. काटकोनातली भिंत घ्या. पहिली-दुसरीला फळ्याची खालची कड जमिनीपासून ६० ते ७० सेंटिमीटरवर ठेवा, म्हणजे मुलांनाही लिहिता येतं.

पहिल्या दिवशी जुना पोपडा खरवडा, भेगा पुट्टीने भरा, २४ तास वाळू द्या. दुसऱ्या दिवशी १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, ओल्या फडक्याने धूळ काढा, वाळल्यावर प्रायमर. तिसऱ्या दिवशी फळ्याच्या रंगाचा पहिला पातळ हात आडवा, चौथ्या दिवशी दुसरा हात उभा. ३ चौरस मीटरला दोन हातांसाठी पाऊण लिटरच्या आत रंग लागतो. एक लिटरचा डबा घ्या. मग तीन दिवस कोणी हात लावायचा नाही. त्यानंतर खडू आडवा धरून सगळा फळा पांढरा करायचा आणि कोरड्या डस्टरने पुसायचा. ही शेवटची पायरी गाळली तर पहिल्यांदा जे लिहाल ते कायमचं अंधूक उमटून राहतं. तुम्ही तोवर निघून गेलेले असाल, म्हणून हे दोन शिक्षकांना नीट समजावून सांगा आणि नेपाळीत लिहून भिंतीवर चिकटवा.

रंग जाड एका हातात उरकला की महिन्याभरात साल निघते. ओल असलेल्या भिंतीवर काहीच टिकत नाही. तिथे सिमेंट बोर्डाचा किंवा प्लायचा फळा करून टांगा.

*वाचनकोपरा.* इथे पैसा कमी आणि डोकं जास्त लागतं. साठ मुलांच्या तीन वर्गांना दीडशे पुस्तकं पुरतात: शंभर वेगवेगळी, उरलेल्यांत दहा पुस्तकांच्या पाच-पाच जादा प्रती, म्हणजे चार-पाच मुलांना एकत्र वाचता येतं. पुस्तकं नेपाळीच घ्या. काठमांडूत भोटाहिटी-बागबजार भागात पुस्तकांची आणि कापी-सिसाकलमची, म्हणजे वह्या-पेन्सिलींची दुकानं आहेत; नेपाळी बालसाहित्य छापणारे चांगले प्रकाशक आहेत. घरातली जुनी इंग्रजी आणि मराठी पुस्तकं नेऊ नका. लिपी एक असली तरी मराठी गोष्ट त्या मुलांना कळत नाही, आणि नेपाळीत ‘ळ’ नाहीच. ज्या गावात घरी तामाङ किंवा नेवारी बोलतात तिथे पहिलीच्या मुलाला नेपाळीसुद्धा शाळेतच शिकावी लागते. म्हणून निम्मी पुस्तकं चित्रांची, पानावर एक-दोन ओळींची हवीत.

रॅक सुताराकडून करून घ्या. पुस्तकाची पाठ नव्हे, मुखपृष्ठ समोर दिसलं पाहिजे: ८ सेंटिमीटर खोलीच्या फळ्या, पुढे दोरी किंवा पट्टी. सर्वात वरची फळी १२० सेंटिमीटरच्या खाली, सर्वात खालची जमिनीपासून १५ सेंटिमीटर वर, आणि मागची बाजू भिंतीपासून ३ सेंटिमीटर सुटी, नाहीतर पावसाळ्यात बुरशी धरते. रॅक वरच्या बाजूने लोखंडी कोनाने भिंतीला आवळा. हा भूकंपाचा देश आहे. मोकळा रॅक मुलांवर कोसळतो. दगड-मातीच्या भिंतीत खिळा धरत नाही, तिथे लाकडी खांबाला किंवा तुळईला बांधा.

पुस्तकांना तीन रंगांच्या पट्ट्या: चित्रांचं, थोड्या मजकुराचं, मोठ्या गोष्टीचं. नोंदवहीत चारच रकाने: क्रमांक, नाव, घेतलं, परत. जास्त रकाने केले की वही बंद पडते.

आता खरी अडचण. अशी पुस्तकं बहुतेक शाळांत सहा महिन्यांत कपाटात जातात आणि किल्ली प्रधानाध्यापकांच्या खिशात. त्यात आळस नसतो. पुस्तक हरवलं तर भरपाई कोण देणार, ही भीती असते. म्हणून सुरुवातीलाच समितीच्या ठरावात लिहून घ्या की वर्षाला दहा टक्के पुस्तकं फाटणार, हरवणार, आणि त्याची जबाबदारी कोणावरही नाही. तेवढ्या बदली प्रतींचे पैसे तुमच्या हिशेबात आधीच धरा. दुसरा ठराव वेळापत्रकाचा: प्रत्येक वर्गाला आठवड्यात दोन तास वाचनाचे. हे दोन ठराव होत नसतील तर वाचनकोपरा करू नका, फळे रंगवा.

*वर्गाची रंगरंगोटी.* दिसायला आकर्षक, म्हणून सगळे हेच मागतात. ६ बाय ५ मीटरच्या, पावणेतीन मीटर उंच वर्गाच्या भिंती साधारण ६० चौरस मीटर होतात. दारं-खिडक्या वजा करून ५०. गुळगुळीत भिंतीवर एका लिटरमध्ये एका हाताला १० चौरस मीटर होतात, म्हणजे प्रायमर ५ लिटर, रंग १०. खडबडीत गिलाव्याला दीडपट धरा. भिंत मातीची असेल तर प्लॅस्टिकचा रंग लावूच नका, आतली ओल बाहेर पडत नाही आणि गिलावा फुगून गळतो. तिथे चुना किंवा त्यांची पांढरी माती, ‘कमेरो’. गावातल्या बायकांना ती कशी कालवायची ते पक्कं ठाऊक असतं आणि तुमच्या मुलांना पोतेऱ्याने सारवायचं काम मिळतं. डब्यावर शिसं ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या, आत असल्याचं छापलेलं बघा; नेपाळने ती मर्यादा घातली आहे. जुन्या दारा-खिडक्यांचा ऑइलपेंट कोरडा घासू नका, शिशाची धूळ उडते. ओल्या पेपरने घासा, मुलं त्या वेळी बाहेर.

भिंतीवर स्वतःची नावं, ‘प्रायोजक’ अशी पाटी, स्वतःच्या पंजांचे ठसे, यातलं काही करायचं नाही. भिंत त्यांची आहे.

आपली मुलं आणि तिथली मुलं

आठ वर्षांखालचं मूल नेऊ नका. ते कंटाळतं आणि दोघांपैकी एक पालक त्याच्याच मागे राहतो. दहा-बारा वर्षांच्या मुलांना पुस्तकांना कव्हर घालणं, पट्ट्या चिकटवणं, खरवडणं जमतं. चौदाच्या पुढच्यांना हिशेबाची वही सोपवा. बिलं जोडणं, नेपाळी रुपयांना १.६ ने भागणं, रोजचा खर्च लिहिणं, हे काम ते मनापासून करतात.

निघण्यापूर्वी थोडी नेपाळी शिकवा. मोठ्या मुलाला ‘दाइ’, मोठ्या मुलीला ‘दिदी’, लहानाला ‘भाइ’, लहानीला ‘बहिनी’. ‘दाइ’ ऐकून आपली मुलं फिसकन हसतात, म्हणून हे घरीच हसून घ्यावं. मोठ्यांशी ‘तपाईं’, बरोबरीच्यांशी ‘तिमी’. शिक्षकांना सर, मिस.

मैत्री खेळातून होते. तिथलं ‘डन्डीबियो’ म्हणजे आपली विटीदांडू, ‘गट्टा’ म्हणजे सागरगोटे, आणि ‘बाघचाल’ हा आपल्या वाघबकरीचा भाऊ: चार वाघ, वीस बकऱ्या, पाच बाय पाच बिंदूंचा पट. इथे तुमची मुलं हरतात आणि तिथली शिकवतात, जे फार बरं आहे. व्हॉलीबॉल त्यांचा राष्ट्रीय खेळ. एक चेंडू, एक जाळी आणि पंप शाळेच्या नावे बिलासह द्या.

काही नियम मात्र ताणायचे नाहीत:

- कुठल्याही मोठ्याने एका मुलाबरोबर एकट्याने बंद खोलीत थांबायचं नाही. दार उघडं आणि दुसरा मोठा माणूस नजरेत.
- वाटप मुलांच्या हाती नाही. चॉकलेट, पेन, कपडे, काहीही असो, शिक्षकांकडे द्या. ते आपल्या सोयीने देतील. रांग लावून वाटताना काढलेला फोटो आपल्या मुलांना दाता बनवतो आणि तिथल्यांना मागायची सवय लावतो. ट्रेकच्या वाटांवर ‘वन पेन, वन चकलेट’ ही हाक अशीच रुजली.
- फोटो कामाचे काढा: आधीची भिंत, नंतरची भिंत. मुलांचे चेहरे, नावं, गणवेशावरचं शाळेचं नाव समाजमाध्यमांवर टाकू नका. गटाचा फोटो हवा असेल तर प्रधानाध्यापकांना विचारून, आणि शाळेलाही त्याची छापील प्रत द्या.
- मुलांशी फोन नंबर, खाती यांची देवाणघेवाण नाही. पुढचा संपर्क शाळेमार्फत.
- ‘पुढच्या वर्षी येऊ’ असं मुलांना म्हणायचं नाही. तिकीट काढल्यावर शाळेला कळवा.

आणि घरी रात्री मुलांशी बोलताना ‘बघ, तुला किती मिळालंय’ हे वाक्य टाळा. त्यापेक्षा शाळेला पाणी आणायला कोण जातं, शिक्षिका किती चालून येते, पालिका पैसे कशी वाटते, असं विचारा. उत्तर माहीत नसेल तर सकाळी प्रधानाध्यापकांना विचारायला मुलांनाच पाठवा.

काठमांडूच्या रस्त्यावर

थामेल या पर्यटकांच्या भागात कडेवर बाळ घेतलेली बाई किंवा एखादा मुलगा पैसे नको, दुधाची पावडर घेऊन द्या म्हणतो. दुकान तोच दाखवतो. तुम्ही गेल्यावर डबा दुकानात परत जातो आणि पैसे वाटले जातात. मुलांच्या हातात रोख पडली तर ती अनेकदा पिशवीतून हुंगायच्या डिंकावर जाते. दोन्हीकडे नम्रपणे नमस्ते करून पुढे चला. एखादं मूल खरंच संकटात दिसलं तर नेपाळची बाल हेल्पलाइन १०९८ आहे, आपल्याकडचाच आकडा. हरवलेल्या मुलासाठी १०४. संशयास्पद बालगृह दिसलं तर आत जाऊन जाब विचारू नका, फोटो काढू नका. जागा आणि वेळ लिहून घ्या आणि त्याच १०९८ वर कळवा.

तब्येत

निघण्याआधी महिनाभर डॉक्टरांना भेटून टायफॉइड आणि हिपॅटायटिस-एच्या लसी विचारा. पाणी उकळलेलंच. ओआरएसची पाकिटं, ताप-उलटीची मुलांच्या वजनाप्रमाणे लिहून घेतलेली औषधं, बारीक कंगवा (उवा लागतात, त्यात लाजायचं काही नाही). कुत्रा चावला किंवा नखाने ओरखडला तर जखम १५ मिनिटं साबण-पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा. परत आल्यावर बघू, असं नाही. तुमची औषधं शाळेतल्या मुलांना देऊ नका, साधी क्रोसिनसुद्धा.

शेवटचा दिवस आणि नंतर

निरोप समारंभ होईल. फुलांच्या माळा, खादा म्हणजे गळ्यात घालायचं मानाचं उपरणं, भाषणं. वाद घालू नका, पण तो दुपारच्या सुट्टीत अर्ध्या तासात आटपावा असं आदल्या दिवशीच सांगा, नाहीतर पूर्ण दिवसाचे तास बुडतात. त्याआधी प्रधानाध्यापक, समितीचा एक सदस्य आणि तुम्ही असे तिघं सामानाची यादी वाचा, सह्या करा. उरलेला रंग घट्ट झाकून, वर तारीख लिहून शाळेत ठेवा. दुरुस्तीला तोच लागतो. ब्रश धुऊन द्या.

परतल्यावर तीन महिन्यांनी, म्हणजे मेमध्ये गेला असाल तर ऑगस्टमध्ये, एक निरोप पाठवा आणि तीनच गोष्टी विचारा: फळ्याची साल निघाली का, रॅकमागे ओल आली का, नोंदवहीतल्या शेवटच्या पानाचा फोटो मिळेल का. त्या पानावरची तारीख चालू आठवड्यातली असेल तर दहा टक्के बदली पुस्तकांचे पैसे काठमांडूच्या दुकानाला द्या आणि पुस्तकं शाळेच्या नावे परस्पर पाठवायला सांगा. तारीख जूनची असेल तर नवी पुस्तकं नकोत. आधी किल्ली कोणाकडे आहे ते विचारा.